सव्वाआठ किलोंच्या आत

एकलहरे,
मंगळवार

प्रिय अकबरचाचा,

तुमचा निरोप चाचींनी पोचवला. लाकडी स्टॉक ठेवायचा की क्लबचा ॲल्युमिनियमचा घ्यायचा, ते निक्कीने एकदाचं सांगून टाकावं, म्हणजे मला नवा अक्रोड कापायला घ्यायचा की नाही ते कळेल, असं तुम्ही म्हणालात म्हणे. चाचींनी त्यात स्वतःचंही एक वाक्य घातलं: लवकर सांग बाई, घरात भुशाशिवाय काही दिसेना. उत्तर द्यायला मी दोनदा फोन लावलाही. पण तुम्ही पलीकडून ‘बोल बेटा’ म्हणालात की मला भलत्याच गप्पा सुचतात आणि मूळ गोष्ट राहून जाते. म्हणून हे पत्र. शाळेत निबंधाच्या तासाला पोट दुखणारी मुलगी पानंच्या पानं लिहायला बसली आहे, यावरून काय ते समजा.

आधी वजनाचं बोलू, कारण तिथे आपलं भांडण होत नाही. आमच्या वीज केंद्राच्या कंट्रोल रूममधल्या मुलींना मी सांगत असते, रायफलची नळी ज्यात बसते, गाल ज्यावर टेकतो आणि खांद्याला जे लागतं ते सगळं अंग म्हणजे स्टॉक. गोळी नळीतून सुटते, पण नेमबाज बिलगून झोपतो तो स्टॉकला. त्या विचारतात, मग चांगला दणकट घे की, अडलंय कुठे? अडलंय सव्वाआठ किलोंवर. आपल्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत दुर्बीण आणि पुढचे दोन पाय धरून अख्खी रायफल त्याच्या आत बसली पाहिजे. माझी जाड नळी आणि खटक्याची यंत्रणाच साडेचार किलो खाते. दुर्बीण एक, पाय अर्ध्याच्या वर. उरलेल्या दोन किलोंत, फार तर चार-दोन चमचे इकडेतिकडे, स्टॉकने मावायचं. ॲल्युमिनियमचा मावत नाही. तो घ्यायचा तर नळी कापायला हवी. नळी आखूड झाली की गोळीचा वेग कमी, आणि वेग कमी झाला की वारा तिला जास्त ढकलणार. पण तो ऊन-पावसात हलत नाही, गालाची उंची स्क्रू फिरवून बसवता येते, आणि क्लबमधल्या सगळ्यांना वाटतं की मी उगाच लाकूड कवटाळून बसले आहे. रविवारी निवडीची शेवटची फेरी आहे. राज्याच्या संघात जायची माझी ही दुसरी खेप, आणि वय बघता तिसरी मिळेलच असं नाही. त्यामुळे हा प्रश्न तुम्ही उगाच विचारलेला नाही.

तुमचा स्टॉक शिंप्याने बेतावा तसा माझ्या अंगावर बेतलेला आहे. आप्पा मला तुमच्याकडे घेऊन आले तेव्हा तुम्ही ओझरच्या विमान कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाला होतात आणि, आप्पांच्या शब्दांत, घरी बसून चाचींच्या स्वयंपाकात माप काढत होतात. तुम्ही मला अंगणात चटईवर पालथं झोपवलंत, हातात चाचींचं लाटणं दिलंत, ही रायफल समज म्हणालात आणि खडूने माझ्या कोपराच्या, खांद्याच्या, गालाच्या खुणा करत बसलात. अर्धी गल्ली कुंपणावरून बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण स्टॉक हातात आला आणि मी त्यावर पहिल्यांदा गाल टेकवला तेव्हा श्वास आपोआप खाली बसला. तो अजूनही तसाच बसतो. जोडीच्या स्पर्धेत एकाने नेम धरायचा आणि दुसऱ्याने मोठ्या दुर्बिणीतून वारा वाचायचा, तेव्हा तो दुसरा कोण असणार याचा मी विचारसुद्धा केला नाही. उन्हात जमिनीवरून उठणारी झळ कुठल्या बाजूला वाहते ते बघून तुम्ही सांगायचात, लहर उजवीकडून आहे, दीड फिरव. मी रायफलवरच्या दुर्बिणीची चकती दीड घर फिरवायची. खरंच दीड का, असं मी तुम्हाला कधी विचारलं नाही, कारण गोळी मधोमध जात होती.

फेब्रुवारीच्या फेरीत हे बिघडलं. सकाळची वेळ होती, झेंडे काठीला चिकटून लोंबत होते, आणि तुम्ही लहर सांगत होतात. उजवीकडून एक, उजवीकडून दोन. मी फिरवत गेले आणि गोळ्या उजवीकडे सरकत गेल्या. तुम्ही दुर्बिणीवरून डोळा काढून म्हणालात, “लाकूड दगा देतंय, निक्की. पुढून वाकलंय, नळीला टेकतंय.” मला ते लगेच पटलं. लाकूड वाकतं आणि अकबरचाचा चुकत नाहीत, या दोन्ही गोष्टी मला सारख्याच पक्क्या ठाऊक होत्या. तुम्ही स्टॉक घरी नेलात, एक डोळा मिटून त्याच्या धारेवरून नजर टाकलीत आणि रंधा मारलात. परत आला तो हलका होऊन आला. रायफलचा तोल बिघडला म्हणून मागच्या भागात भोक पाडून शिशाचे छर्रे भरले. मार्चमध्ये पुन्हा तेच झालं, पुन्हा रंधा, पुन्हा छर्रे. आपण दोघं त्या बिचाऱ्या लाकडाला अशा शिव्या घालत होतो की चाची म्हणाल्या, त्याला एकदा दर्ग्यावर घेऊन जा.

नंतर तुम्ही तो तिसऱ्यांदा मागितलात तेव्हा मी चार दिवस टाळाटाळ केली. कारण मधल्या काळात मी एक काम केलं होतं. नळी आणि स्टॉक यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून पाहिली. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही न अडता गेली. म्हणजे नळी कशालाच टेकत नव्हती. मग इथल्या वर्कशॉपमधून पोलादी पट्टी आणली आणि धारेवर ठेवली. जिथे तुमचा रंधा लागला नव्हता तिथे ती घट्ट बसली. जिथे लागला होता तिथे खालून उजेड दिसला. लाकूड वाकलेलं नव्हतं, चाचा. सरळ लाकूड तुम्हाला वाकडं दिसत होतं आणि तुम्ही ते सरळ करायला जाऊन खोल करत होतात. मी त्या वर्कशॉपमागे जाऊन खूप रडले. कारखान्यात तुमच्या हातून गेलेला भाग कुणी दुसऱ्यांदा मापत नसे, असं आप्पा आजही सांगतात.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. बाथरूमच्या फरशांवरून तुम्ही गवंड्याशी केलेलं भांडण चाचींनी आम्हाला किती रंगवून सांगितलं होतं. एक डोळा मिटून पाहत, ओळ वाकडी आहे म्हणून तुम्ही त्याच्याकडून फरशा उखडून पुन्हा लावून घेतल्यात, आणि तरीही वाकड्याच म्हणालात. गवंडी हात जोडून गेला. मी हसून हसून लोळले होते. आता त्याचा पत्ता काढून त्याची माफी मागावीशी वाटते. नाशिकला द्वारकेच्या चौकात तुम्ही गुडघा दुखतोय म्हणून मोटरसायकल माझ्या हाती दिलीत, आणि घरी पोचल्यावर त्याच गुडघ्यांवर उकिडवं बसून संध्याकाळभर पॉलिश करत होतात. तेव्हाच मी विचारायला हवं होतं. पण तुम्हाला काही होऊ शकतं हे मला मान्यच करायचं नव्हतं.

खरं सांगते, मनात एक पळवाटही आली होती, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर इतके दिवस अडलं ते तिच्यामुळे. मी ॲल्युमिनियमचा स्टॉक घेते म्हटलं असतं तर सगळं किती सोपं झालं असतं. तुम्ही म्हणाला असतात, बघ, लाकडाचाच दोष होता. मी हो म्हटलं असतं. तुमची मान ताठ राहिली असती, मी तुमच्याशी भांडले नसते आणि नळी कापून का होईना, वजनात बसले असते. दोन रात्री मी हेच ठरवून झोपले. पण तो स्टॉक लावला तरी वारा सांगायला तुम्हीच बसणार होतात. मग तुम्ही ॲल्युमिनियमलाही शिव्या घातल्या असत्या, आणि त्या अवधीत जे वाचवता येण्यासारखं आहे ते गेलं असतं.

म्हणून माझं उत्तर: लाकडी. तुमचाच, आहे तसा, पुढून खोल झालेला आणि मागे शिसं भरलेला. त्यावर मी आता रंधा मारू देणार नाही आणि नवा अक्रोडही कापू देणार नाही. वजन केलं, सव्वाआठच्या आत बसतोय. आणि दुसरी गोष्ट, जी तुम्हाला क्लबमधून कळण्याआधी माझ्याकडून कळायला हवी. रविवारी दुर्बिणीवर तुमच्या जागी क्लबमधल्या साक्षीला बसायला सांगितलं आहे. ती वारा वाचायला तुमच्याच हाताखाली शिकली. घाबरते, सावकाश सांगते, पण सांगते ते दिसतं तेवढंच. हे वाचून तुम्हाला राग येईल. यायलाच हवा, माझ्यावर काढा, मी ऐकून घेईन. निवडले गेले नाही तरी हा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. तुमच्याशिवाय त्या चटईवर झोपायची मला भीती वाटते, हेही लिहून ठेवते.

आता हे सगळं आजच का लिहिलं ते सांगते. गेल्या आठवड्यात मी नाशिकमधल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांना भेटले आणि तुमचं नाव न घेता हे सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, हे गृहस्थ बघताना एक डोळा मिटतात का? मी आठवून सांगितलं. दुर्बिणीला तुम्ही उजवा डोळा लावता. लाकडाची धार बघताना डावा मिटता. एरवी दोन्ही उघडे असतात, आणि डॉक्टर म्हणाले की तेव्हा चांगला डोळा दुसऱ्याचं झाकून घेतो, माणसाला पत्ताच लागत नाही. उजव्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, बरोबर मध्यभागी, पाणी साठत असावं आणि त्यामुळेच सरळ रेघ वाकडी दिसत असावी असा त्यांचा अंदाज आहे. तपासल्याशिवाय ते खात्रीने सांगणार नाहीत. असलं तर डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतात, पण वेळेत दिली तर आहे तेवढी नजर राहू शकते. उशीर झाला तर मधलं सगळं जातं, आणि पुढे डाव्यालाही धोका असतो. त्यांनी परवाची, गुरुवारची सकाळ दिली आहे. मी रजा टाकली आहे, चाचींना माहीत आहे, आणि गाडी घेऊन मी दाराशी येणार आहे. आप्पा उद्या हे पत्र घेऊन येतील. पाकिटात डॉक्टरांनी दिलेला चौकटींचा एक कागद आहे, मध्ये काळा ठिपका असलेला. डावा डोळा हाताने झाका आणि उजव्याने त्या ठिपक्याकडे बघा. त्यावरच्या सगळ्या रेघा सरळ आहेत, चाचा. वाकड्या दिसल्या तर रंधा हातात घेऊ नका, मला फोन करा.

तुमचीच,
निक्की