दोष गुडाखूचा नव्हता

माय, परवा माझ्या दाढेचं काम पुरं झालं. खालची, उजवीकडची. काल चणे चावून खाल्ले आणि पहिल्याच घासाला तू आठवलीस. तू कितीतरी वर्षं एकाच बाजूनं जेवलीस, आणि शेवटी तेही नाही, नुसता वरणात कुस्करलेला भात. आम्ही मागे लागायचो, दाखव ना डॉक्टरले. तू म्हणायचीस, "मले सुई लागत नाही व. माह्याच करणीचं होय." तिथेच विषय संपायचा.

तुझी ती दाढ काढली तेव्हा मी सहावीत होते. सालेकशाहून सकाळच्या गाडीनं आपण गोंदियाला आलो, तू, बाबूजी, आत्या आणि मी. तुझा गाल इतका सुजला होता की एक डोळा नीट उघडत नव्हता. मला दाराशी उभं केलंय. डॉक्टर बधिर करायची सुई देतो, जरा थांबतो, चिमटा लावतो आणि तू खुर्चीतून उठतेस. पुन्हा सुई, पुन्हा तसंच. मग तो तुझ्या काळपट हिरड्यांकडे बघून विचारतो, "गुडाखू घिसती हो क्या बाई?" तू मान हलवतेस. तंबाखू-गुळाचा तो काळा लगदा आपल्या गावात कोणती बाई बोटानं दातांना लावत नव्हती? पण त्याला कारण सापडलं. "फिर सुई क्या करेगी," म्हणतो, आणि आत्याला पुढे बोलावतो. आत्या तुझे दोन्ही हात खुर्चीवर दाबून धरते. तू ओरडत नाहीस. तुझी टाच तेवढी फरशीवर आपटत राहते.

परतीच्या गाडीत तू गुडाखूची डबी खिडकीतून फेकलीस. पुढे नागऱ्याला महादेवाच्या दर्शनाला गेलो, तेव्हा माझ्या हातात बेलाचं पान देऊन शपथ घ्यायला लावलीस की मी ते कधी बोटाला लावणार नाही. तू सोडलंस ते सोडलंस, पण लग्नाकार्यात बायका जमल्या की आत्याची गोष्ट ठरलेली असायची. "गुडाखूवालीले कुठं सुई लागते व? आमच्या वहिनीले इचारा." सगळ्या हसायच्या. तूही पदर तोंडाला लावून हसायचीस, आणि दातांच्या डॉक्टरची पायरी काही पुन्हा चढली नाहीस.

मी शपथ पाळली, म्हणून निर्धास्त होते. आमच्या फुलचूरकडची डॉक्टरीण तरुण आहे, हाताची हलकी आहे. सुई दिली, थोड्या वेळानं विचारलं, "बधिर झालं का काकू?" ओठ जड झाला होता, पण दाढ टक्क जागी. तरी मी म्हटलं, हो. काऊन म्हटलं? नाही म्हटलं तर ती गुडाखूचं विचारणार, आणि मी लावत नाही म्हटलं तर विश्वास कोण ठेवणार? शिवाय दिलेली सुई वाया कशी घालवायची, हेही मनात होतंच. पंचाक्षरी मंत्राला सुरुवात केली आणि तोंड उघडलं. तिचं मशीन लागलं मात्र, कळ थेट कानात गेली, मंत्र अर्ध्यावरच राहिला.

तिनं मशीन बंद केलं. "काकू, खोटं काऊन बोललात?"

"मी गुडाखू लावत नाही," मी म्हटलं.

तिला काही उमजेना. मग वाकड्या तोंडानं सगळी कथा सांगावी लागली, तुझ्या टाचेसकट. आधी ती हसली, मग हसायची थांबली. म्हणाली, आत पू आणि सूज असली की बधिर करायचं औषध तिथे नीट चालत नाही. आणि कोणाकोणाची नस जरा वेगळ्या वाटेनं जाते, त्यांना जागा बदलून द्यावं लागतं. "गुडाखू वाईटच, आईनं सोडलं ते चांगलंच केलं. पण सुई लागली नाही यात त्यांचा काही दोष नव्हता."

बाहेर हे बसले होते. "काय म्हणे?" विचारलं.

"मायचा काही दोष नव्हता."

"मी दाढेचं इचारलं तुले."

डॉक्टरणीनं आधी गोळ्या दिल्या, सूज उतरू दिली. पुढच्या वेळी जागा बदलून सुई दिली, दाढेला थंड बोळा लावून पाहिला, मगच मशीन हातात घेतलं. म्हणाली, "डावा हात मोकळा ठेवा. दुखलं की वर करा, मी थांबते. इथं सोसण्याचे मार्क मिळत नाहीत." मध्ये एकदा दुखलं. मी हात अर्धाच वर केला, शाळेत बाहेर जायला विचारावं तसा. ती खरंच थांबली. दाढेच्या बुडाशी आणखी औषध दिलं. मग मंत्र पुरा झाला, कितीदा तरी झाला. शेवटी शेवटी तर मला डुलकी लागली, असं ती म्हणते.

काल आत्याकडे गेले. खरं तर बोलायलाच गेले होते, चांगलं खडसावून. ती आता पार थकली आहे, तोंडात एकही दात नाही. तिला डॉक्टरणीचं सगळं सांगितलं. ती आपल्या हातांकडे बघू लागली.

"मंग तिले लय दुखून राहिलं असंल," म्हणाली. "मले वाटलं, तिनंच ओढवून घेतलं, तर सोसू दे. म्हणून जोर लावून धरलं मी." मग हळूच विचारलं, "कधी काही बोलली का व तुह्याजवळ, माह्याबद्दल?"

"नाही आत्या. तिनं मनात धरलंच नव्हतं."

ती उशीला टेकली, मी तिच्या अंगावर चादर ओढली आणि घरी आले. भांडण राहूनच गेलं.

तू आता नाहीस, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून इथे कबूल करते. आत्याबद्दल तू माझ्याजवळ कधी बोलली नाहीस, एवढं खरं. मनात धरलं होतंस की नव्हतं, ते मला माहीत नाही. तुझ्या वतीनं मी बोलून बसले, माय, तुला न विचारता.