बारा फोटो, आठांची रांग

३ मार्च
रविवारी आईचा वाढदिवस, म्हणजे फोटो. आई पुढे खुर्चीत, मागे आम्ही आठ जण रांगेत. कोण कुणाशेजारी, ते चिठ्ठ्यांवर. चिठ्ठ्या धाकटा भाऊ लिहितो, घड्याही तोच घालतो. आई वाटीतून एकेक उचलून नाव वाचते. बारा वर्षं हे चाललंय आणि बारा वर्षं धाकटा नि मी बोललेलो नाही. त्याच्या कारखान्यातल्या आगीची बातमी मी छापली, त्याची नोकरी गेली. बातमी खरी होती. तेवढं सोडून बाकी सगळं त्याच्या लक्षात आहे.

४ मार्च
आईकडे बाराही फोटो पाहिले. एकातही आम्ही दोघं शेजारी नाही!
ऑफिसात आज काही घडलं नाही, म्हणून अंकपाश मांडला – क्रम मोजण्याला पूर्वीचे पंडित हेच म्हणत. आठांच्या रांगा ४०,३२०. दोघं शेजारी येतात त्या १०,०८०. म्हणजे चारात एकदा. बारा वर्षांत एकदाही नाही, याची शक्यता शंभरात जेमतेम तीन.
बायको म्हणाली, "तीन म्हणजे शून्य नव्हे."
"तेवढ्यावर मी कुणाला सोडत नाही."
"ठाऊक आहे."

५ मार्च
धाकटा माझ्या चिठ्ठीचा कोपरा दुमडत असणार. एवढी अक्कल कारखान्यात चालवली असती तर आग लागली नसती.

७ मार्च
वाटीतल्या चिठ्ठ्या सर्वांदेखत उलगडल्या. कोपरा नाही, खूण नाही. तरी म्हणालो, "कसं जमवतोस रे?" बारा वर्षांतलं पहिलं वाक्य, तेही आरोपपत्र.
"मी? मला वाटलं, दादा, तूच आईला पढवतोस."
दोघांनी आईकडे पाहिलं.
"चिठ्ठी वाचतंय कोण? मला हवी ती नावं घेते मी," आई म्हणाली. "तुम्हाला शेजारी उभं केलं असतं तर अंग चोरून उभे राहिला असतात. ते मी रोज भिंतीवर बघायचं?"
मेहुण्यांना खोकला आला. फोटोवाल्याने विचारलं, "मग आज?"
"आज तू काढ. आहे ते वाच."
त्याने चिठ्ठ्या पुन्हा घडी घालून वाटीत टाकल्या, एकेक काढून वाचल्या. मी या टोकाला, धाकटा त्या टोकाला. मधले सहाही जण हसत सुटले.

८ मार्च
सकाळी धाकट्याचा फोन. "दादा, दोघं दोन टोकांना, म्हणजे अठ्ठाविसात एकदा. बरोबर ना?"
करून पाहिलं. बरोबर आहे.