बावीस वर्षांचे विरजण

२६ मार्च, सकाळी ९

आजपासून सगळे बंद. दोन आठवडे घराबाहेर पडायचे नाही. साहेबांचा फोन आला, घरून काम करा. वजनमापे निरीक्षकाने घरून काय काम करायचे हे त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. एकतीस वर्षे दुकानदारांचे तराजू तपासले. आता घरातला तपासू.

वेळ आहे तर रोजनिशी लिहायची. मन मोकळे करण्यासाठी वगैरे नाही. नोंद असावी म्हणून.

ही जाऊन पाच आठवडे झाले. मी व्यवस्थित आहे.

टाइमटेबल केले. पहाटे साडेपाचला उठणे, वीस मिनिटे व्यायाम. स्वयंपाक शिकणे, त्याला चार दिवस पुरतील. हिचे कपाट आवरणे, दोन दिवस. म्हणजे सहा दिवसांत सगळे उरकते आणि आठ दिवस शिल्लक राहतात. त्यांचे काय करायचे ते नंतर ठरवू.

विरजणाचे वेगळे लिहितो. लेक परवा शेवटच्या गाडीने तिच्या घरी गेली. चपला घातल्या होत्या, तरी परत स्वयंपाकघरात आली, फ्रिज उघडून वाटी दाखवली. म्हणाली, बाबा, बाकी काही नाही जमलं तरी चालेल, आईचं विरजण तेवढं मोडू देऊ नका. गाड्या सुरू झाल्या की मी बरणी घेऊन येते, माझ्याकडेही लावायचंय. या घरात राहायला आलो त्या दिवसापासूनचे विरजण आहे. बावीस वर्षे खंड नाही, असे ही सांगायची.

मी दही खात नाही. पण शब्द दिला आहे.

२७ मार्च, सकाळी ८

साडेपाचला गजर झाला. उठलो नाही. ऑफिस बंद असताना साडेपाचला उठणे हा विजेचा अपव्यय आहे.

चहा दोन कप झाला. पातेल्याचा तळ मोठा आहे, एका कपाचे दूध त्यात करपते. दुसरा कप अकरा वाजता गार प्यायलो.

२७ मार्च, संध्याकाळी ७

लेकीला फोन करून दह्याची पद्धत लिहून घेतली. दूध कोमट करायचे, थोडे विरजण घालून ढवळायचे, झाकून ठेवायचे. विचारले, कोमट म्हणजे किती अंश? म्हणाली, आई बोट घालून बघायची. आणि थोडे म्हणजे किती ग्रॅम? म्हणाली, अहो बाबा, थोडं म्हणजे थोडं.

बोट हे मापनाचे साधन नाही. थर्मामीटर आणि छोटा वजनकाटा काढला. दूध ४०० मिलिलिटर, ४२ अंश. विरजण ५ ग्रॅम. तक्ता आखला.

बावीस वर्षे हे काम अंदाजाने चालले होते, हे आश्चर्य आहे.

२८ मार्च, सकाळी ८

दही लागले. सुरीने कापता येईल असे. फोटो पाठवला. लेकीने अंगठा पाठवला आणि नंतर एक रडका चेहरा. तो चुकून गेला असावा.

कपाट आज घेणार होतो. पण बिजागरी करकरते. आधी तेल घालायला हवे. मशीनचे तेल घरात नाही, दुकाने बंद. नाइलाज आहे.

१ एप्रिल, दुपारी १२

एक अडचण लक्षात आली नव्हती. दही रोज लावले तर रोज दही होते. फ्रिजमध्ये पाच वाट्या झाल्या. फेकणे बरे दिसत नाही.

समोरच्या दारात शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. हिची आणि त्यांची चांगली ऊठबस होती. माझा त्यांच्याशी बोलण्याचा प्रसंग बावीस वर्षांत फारसा आला नाही. एक वाटी त्यांच्या दाराशी ठेवली, बेल वाजवली आणि सहा फूट मागे सरलो. त्यांनी दार किलकिले केले. म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही लावलंत? मी हो म्हणालो. बराच वेळ वाटीकडे बघत राहिल्या. दह्यात दोष नव्हता, मी तपासले होते.

२ एप्रिल, दुपारी ४

वाटी परत आली, सोबत कापडी मास्क. बाई सध्या दिवसभर मास्कच शिवतात, मशीनचा आवाज आमच्या घरापर्यंत येतो. पट्टी लावून पाहिली तर डावी बाजू उजवीपेक्षा तीन मिलिमीटर जास्त. सौजन्याने दारातून कळवले. म्हणाल्या, भाऊजी, मास्क तोंडाला लावायचा असतो, पट्टीला नाही.

स्वभावाने फटकळ आहेत. हिचे यांच्याशी कसे जमायचे कोण जाणे.

उद्यापासून त्यांना रोज एक वाटी द्यायची, ताज्या दह्यातली. तेवढीच फ्रिजमध्ये जागा होईल.

६ एप्रिल, दुपारी २

स्वयंपाक शिकण्याचा चौथा दिवस. भात जमला. तळाचा थर सोडला तर उत्तम. तळाचा थर निम्मा होता.

व्यायाम सोमवारपासून. आजच सोमवार आहे, म्हणजे पुढच्या.

९ एप्रिल, सायंकाळी ६

बंद वाढला. लोक तक्रार करत आहेत. मला उलट बरे वाटले. कपाटाला घाईघाईने हात घालण्यात अर्थ नव्हता.

तेलाशिवायच उघडले. बिजागरी फार काही करकरत नाही. आत डांबराच्या गोळ्यांचा वास आहे, आणि हिच्या पावडरीचा. सध्याच्या काळात फुप्फुसांना कसलाही त्रास देऊ नये असे टीव्हीवर सांगतात. बंद केले.

१४ एप्रिल, सायंकाळी ७.३०

लेकीचा व्हिडिओ कॉल. दही बघितले, जेवण विचारले, मग एकदम म्हणाली, बाबा, तुम्ही एकदा तरी रडलात का हो? नेटवर्क खराब आहे असे सांगून फोन ठेवला. ते खोटे नव्हते. चारपैकी तीनच काड्या होत्या.

विरजण सलग १८ दिवस. तक्त्यात एकही रकाना रिकामा नाही.

१८ एप्रिल, दुपारी ३

तिसऱ्या मजल्यावर पेशंट सापडला. जिन्याला दोरी बांधली आहे. टीव्हीवर एक डॉक्टर सांगत होते, जे जे घरात येते ते धुवा, जे उकळता येईल ते उकळा.

कामाला लागलो. दुधाची पिशवी साबणाने धुतली. भाज्या धुतल्या. चष्मा उकळला, त्याची दांडी थोडी वाकली. घड्याळाचा पट्टा, दाराची कडी, टीव्हीचा रिमोट. रिमोट आता फक्त आवाज वाढवतो.

मग विरजणाचा विचार आला. जुन्या वाट्या केव्हाच बाईंकडे गेल्या होत्या, आणि सकाळची वाटी देऊन झाल्यावर घरात विरजणापुरतेच दही उरले होते. बावीस वर्षांचे ते. रोज झाकण उघडते, रोज चमचा जातो. त्यात काय काय शिरले असेल. आजवर हे कोणाच्याच लक्षात आले नाही. सगळे पातेल्यात घेतले आणि दोन मिनिटे खळखळ उकळले. पाणी वेगळे झाले, ते स्वाभाविक आहे. निर्जंतुक वाटीत गाळून घेतले. गार झाल्यावर ५ ग्रॅम, दूध ४२ अंश. उरलेले ओतून दिले.

आता निर्धास्त. एवढी काळजी हिनेही कधी घेतली नसेल.

१९ एप्रिल, सकाळी ८

दही लागले नाही. हवा गार आहे.

२० एप्रिल, सकाळी ८

हवा गार नाही. दूध अजून दूधच. कालच्यातलेच ५ ग्रॅम नव्या दुधात घातले होते. बाईंना आज वाटी देता येणार नाही असे कळवले. कारण त्यांनी विचारले नाही, मी सांगितले नाही.

२१ एप्रिल, सकाळी ११

दुधातच खोट आहे. एकतीस वर्षांचा अनुभव आहे, असले प्रकार मला वासावरून कळतात. डेअरीविरुद्ध चार पानी तक्रार लिहिली. दूधवाल्याला दारातून ऐकवले. तो म्हणाला, काका, अख्ख्या बिल्डिंगचं लागतंय, तुमच्याच पिशवीवर माझा काय राग आहे?

उर्मट झाला आहे. हिच्यासमोर असे बोलला नसता.

२३ एप्रिल, सायंकाळी ७.३०

लेकीने दही दाखवा म्हटले. दुधाची वाटी दाखवली. म्हणाली, वाकडी करून दाखवा ना. हा प्रश्न अपेक्षित होता. वाटी दुपारपासून फ्रीजरमध्ये ठेवली होती. वाकडी केली, काही सांडले नाही. लेकीने चेहरा फोनच्या जवळ आणला. मग म्हणाली, छान, बाबा.

हे खोटे बोलणे नव्हे. तिने विचारले वाहते का. वाहत नव्हते.

२९ एप्रिल, सायंकाळी ८

सात मेपासून गाड्या सुरू होणार. लेक पहिल्याच गाडीने येते. बरणी धुऊन, उन्हात वाळवून तयार ठेवली आहे म्हणाली. बरणी फोनवर दाखवली. झाकण निळे आहे.

आठ दिवस आहेत. भरपूर.

१ मे, सायंकाळी ६

४० अंशापासून ४६ अंशापर्यंत सात वाट्या. प्रत्येकीला चिठ्ठी. एक चादरीत गुंडाळून, एक पिठाच्या डब्यात, एक हिच्या शालीत. शाल कपाटातून काढावी लागली. ते काम होते म्हणून काढली.

एकही नाही. शालीतलीही नाही.

२ मे, दुपारी १२

तक्रारीवर साक्षीदार हवा म्हणून बाईंकडे गेलो. त्या मशीनवर, मी दाराबाहेर. म्हणाल्या, माझं तर रोज लागतंय, तुम्ही करता काय नक्की? पहिल्यापासून क्रमाने सांगितले. तापमान, ग्रॅम, पिशवी साबणाने. उकळण्याशी आलो तेव्हा मशीन थांबले.

म्हणाल्या, भाऊजी, विरजण उकळलंत? म्हटले, दोनच मिनिटे, जंतू मरावेत म्हणून. त्यांनी हातातला मास्क खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, अहो, त्या जंतूंनीच तर दही लागतं.

तक्रारीचा कागद त्यांच्या उंबऱ्यावरच राहिला. घरी आलो.

३ मे

बावीस वर्षे. दोन मिनिटे.

तक्ता फाडला.

४ मे, सकाळी १०

चहा एकच कप केला. करपला नाही. प्यायलो नाही.

बेल वाजली. बाई सहा फुटांवर, आमच्या उंबऱ्यावर वाटी. म्हणाल्या, हे घ्या, तुमचंच आहे. तुमची वाटी यायची बंद झाली तेव्हा शेवटच्या वाटीतलं थोडं राखलं आणि त्याचंच रोज लावतेय.

मी वाटी दोन्ही हातांनी उचलली. मग मी म्हणालो, म्हणजे बावीस वर्षांत अजूनही खंड पडला नाही. हे जरा सभेत बोलल्यासारखे झाले असावे, कारण बाई हसायला लागल्या. जिन्याच्या कठड्याला धरून हसल्या. म्हणाल्या, कसली बावीस वर्षं घेऊन बसलात. तुमच्या मुलीच्या लग्नात ताईंना चार दिवस कशाचं भान नव्हतं, विरजणाला बुरशी आली. गुपचूप माझ्याकडून नेलं. त्याच्या आदल्या वर्षी माझं मोडलं, तेव्हा मी त्यांच्याकडून. पाच-सहा वेळा तरी झालं असेल हे. आणि एकदा तर तुम्हीच वाटी रिकामी करून घासून ठेवली होतीत. त्या काही बोलल्या का तुम्हाला?

नाही, काही बोलली नव्हती.

बाई म्हणाल्या, मी विचारलं होतं, सांगत का नाही त्यांना? तर म्हणाल्या, नको बाई, हे तारीख घालून रजिस्टरमध्ये लिहून ठेवतील, विरजणात खंड.

हे ती कशी म्हणाली असेल ते मला ऐकू आले. अगदी तसे.

बाईंच्या मास्कमुळे श्वासाची वाफ वर येते आणि चष्म्यावर जमते. आत येऊन तो बराच वेळ पुसला. मास्क तेव्हा काढलेला होता.

६ मे, सायंकाळी ५

लेकीला फोन करून सगळे खरे सांगितले. उकळण्याचे, फ्रीजरचे. ती म्हणाली, माहीत होतं बाबा. दह्यावर बर्फ कधी बघितलाय का तुम्ही? विचारले, मग बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही इतकं जपून वाकडी केलीत ती वाटी.

उद्या दुपारी येते. दोन बरण्या आणते आहे, एक बाईंसाठी. पुढच्या वेळी कोणाचे मोडले तर, म्हणाली.

मग बाईंच्या वाटीतले एक चमचा दही खाऊन पाहिले. आंबट. दही आपल्याला आवडत नाही हे माझे मत बरोबरच होते. तरी दुसरा चमचा घेतला, खात्री करण्यासाठी. वाटीत आता विरजणापुरतेच उरले आहे.

कपाट लेकीबरोबर आवरायचे. दोन दिवसांचे काम आहे असे मी म्हणणार नाही. शाल बाहेरच राहू दे.

६ मे, सायंकाळी ७.१०

दूध तापवून उतरवले. थर्मामीटर ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. ही करायची तसे बोट घालून पाहिले.

बोट भाजले. पाच मिनिटांनी दुसरे घालून पाहतो.