सहावीच्या वर्गातल्या चिठ्ठ्या

१२ ऑगस्ट, मंगळवार. सोनाळा.

आज सहावीच्या वर्गात जे झालं ते डोक्यातून जातच नाही. प्राचीन काळी कामं आधी आवडीने ठरायची, मग जन्माला कशी चिकटली, हे शिकवायचं होतं. म्हणून डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. पुजारी, शेतकरी, कुंभार, चांभार. ज्याला जी येईल ते त्याचं काम. मुलांसोबत मीही काढली.

फळा पुसून वळले, तर चिठ्ठ्या बदललेल्या. ज्याच्या घरचं जे काम, तीच चिठ्ठी त्याच्या हातात. भांडण नाही, कुरकुर नाही. पुस्तक म्हणतं याला शेकडो वर्षं लागली. इथे फळा पुसेपर्यंत झालं?

"काऊन बदलली?" पुढच्या बाकावरच्या सुमनला विचारलं.

"मॅडम, ते आमच्या घरचं काम नाही ना."

इतक्या सहज म्हणाली.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "अन् तुले कोणती आली होती?"

"शेतकऱ्याची," मी म्हणाले. खरं तर पहिली चांभाराची आली होती. मी ती हसत परत डब्यात टाकली आणि दुसरी काढली.

सगळी मुलं तेव्हा माझ्याकडेच बघत होती.