डोळे मिटून निवडलेलं पिस्तूल

आबा, काल दुपारपासून मला एका जागी बसवत नाही. दोनदा अंगणात जाऊन आलो. सुनेनं विचारलं, काही हरवलंय का, तर म्हणालो चष्मा, आणि चष्मा नाकावरच होता. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, निजामाचं राज्य गेलेलंही तुम्ही पाहिलं नाही, आणि मी इथं पुण्यात मुलाच्या घरी बसून तुम्हाला पत्र लिहितोय. पण काल नातीसाठी पिस्तूल निवडायचं निघालं आणि तेव्हापासून तुम्ही माझ्या मागे उभे आहात. त्या दिवशी होता तसेच, उजव्या खांद्याच्या मागे, तंबाखूचा वास येईल इतक्या जवळ.

नात सोळा वर्षांची आहे. नेमबाजीच्या शर्यतीत उतरते, हात चांगला आहे पोरीचा. तुम्ही असता तर तिला आधी तांब्या धरायला लावला असता. मला आठवतंय ना, आई चुलीपुढं भाकरी थापतेय आणि मी भिंतीला पाठ लावून, पाण्यानं भरलेला तांब्या सरळ हातात धरून उभा आहे. बावीस वर्षांचा घोडा, पोलिसात नुकता लागलेला. दंड थरथरायला लागला की तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणायचे, ‘पाणी सांडायलाय.’ आई म्हणायची, ‘अवो, जेवू द्या की लेकराला. आन् तू तो तांब्या हिकडं दे, पीठ मळायला तरी कामाला यील.’ मी हसलो की पाणी सांडायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून.

परभणीच्या पोलीस कचेरीत हत्यारांच्या खोलीची, म्हणजे कोताची, किल्ली तुमच्या कमरेला असायची. पण तुमचा मान त्या किल्लीमुळं नव्हता. औरंगाबादला दरसाल जिल्ह्याजिल्ह्यांच्या पोलिसांची चांदमारी, म्हणजे नेमबाजीची शर्यत, व्हायची, तिला जो कुणी उतरणार असेल त्याचं पिस्तूल तुम्ही निवडून द्यायचे. मोहतमीम साहेब, जिल्ह्याच्या पोलिसांचे धनी, तेसुद्धा गुमान तुमच्यापुढं डोळे मिटून उभे राहायचे. रीत साधी होती. रिकामं पिस्तूल घ्यायचं, डोळे मिटायचे, हात खालून वर उचलायचा आणि मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरची माशी, नेम धरायचा तो बारीक उंचवटा, मागच्या खाचेत आपोआप बसलेली दिसली तर ते हत्यार उचलणाऱ्याचं. नाही बसली, तर कितीही देखणं असू दे, पेटीत परत. ‘डोळ्याला चमक दिसती,’ तुम्ही म्हणायचे, ‘हाताला न्हाई दिसत. म्हनून हाताला इचारायचं.’

माझी पाळी आली त्या सकाळी आपण पिंगळीच्या बाजूला रुळाकडेच्या माळावर गेलो. घोंगडीवर दोन पिस्तुलं. एक जुनं, लांब नळीचं, मुठीचं लाकूड झिजून काळं पडलेलं. दुसरं नवं, निकेलचं, उन्हात डोळे दिपवणारं, हैदराबादहून आलेलं आणि अजून कुणाच्या हाती न लागलेलं. मला तेच पाहिजे होतं. औरंगाबादला सगळ्या जिल्ह्यांची पोरं जमणार, त्यांच्यापुढं मी ते काळं लाकूड घेऊन उभा राहू? जुनं उचललं तर माशी खाचेत अशी बसली की माझा मलाच राग आला. मग निकेलचं घेतलं. हात उचलला, डोळे उघडले, तर नळी वर आणि डावीकडं गेलेली. ‘जुळली का?’ तुम्ही मागून विचारलं. मी म्हणालो, ‘पुन्यांदा करतो.’

आणि पुन्हा करताना मी डोळे पुरते मिटलेच नाहीत. पापण्यांच्या फटीतून बघत बघत मनगट वळवलं. एकदा नाही, तीनदा. तुम्ही खांद्यामागून नळीच्या रेषेत बघत होता, तिथून नळी दिसते, पापण्या दिसत नाहीत. तिन्ही वेळा माशी खाचेत. तुम्ही घोंगडीवरच्या जुन्या पिस्तुलाकडं एकदा बघितलंत. मग म्हणालात, ‘मला वाटलं व्हतं जुनं बसंल. पर तुझा हात हेच म्हनायलाय, तर हेच घे.’ तुमचा माझ्या हातावर विश्वास होता, आबा, आणि हात माझा होता.

औरंगाबादला शिट्टी वाजली की हात उचलायचा आणि तीन मोजायच्या आत गोळी सोडायची, असा कायदा. तीन मोजेपर्यंत मनगट कुठलं वळवता येतंय. हात त्याच्या स्वभावानं वर गेला आणि पाचही गोळ्या जिथं नळी जात होती तिथंच गेल्या. आपला जिल्हा शेवटून दुसरा. परतीच्या गाडीत तुम्ही माझा निशाणाचा पुठ्ठा मांडीवर घेऊन बसला होता. पाच भोकं, रुपयाखाली झाकतील इतकी जवळजवळ, पण मधल्या काळ्या चांदाच्या बाहेर, वर आणि डावीकडं. सेलू येईपर्यंत तुम्ही तो फिरवून फिरवून बघत राहिलात. मग बोट त्या भोकांवर ठेवून म्हणालात, ‘हात लय चांगला हाय तुझा. निवड चुकली. माझी चुकली.’ समोर बसलेली बाई पोराला शेंगा सोलून देत होती. मी तिच्याकडं बघत बसलो.

पुढच्या साली साहेबांनी पिस्तुलांची पेटी पाठवली तर तुम्ही उघडलीच नाही. ‘दुसऱ्या कुनाला सांगा, माझा अंदाज आता चालंना.’ लोकांना वाटलं, तुम्ही रागावलात. मला माहीत होतं, तुम्ही घाबरला होता. एकदा ताडकळसच्या बाजारात कोयता घ्यायला गेलो, तुम्ही तीन कोयते हातात तोलून बघितले, खाली ठेवले आणि म्हणालात, ‘तूच बघ. तुझी नजर ताजी हाय.’ आणि मी बघितला हो. निवडून दिला, दोर बांधून तुमच्या हातात ठेवला. आई म्हणाली होती, ‘त्यांनी मनाला लावून घेतलंय. तू बोल की जरा त्यांच्यासंगं.’ बोलतो म्हणालो. त्यानंतर तुम्ही नऊ वर्षं होता. आधी नोकरीची भीती वाटली, मग लाज वाटली, मग तर एवढ्या जुन्या गोष्टीचं आता काय, असं वाटायला लागलं.

तुम्हाला कळलंच असणार, कळून गप्प राहिला असाल, अशी समजूत मी कितीतरी वर्षं घालत आलो. खोटी आहे ती. कळलं असतं तर तिथं गाडीतच माझ्या थोबाडीत बसली असती आणि परभणी येईपर्यंत तुम्ही निवांत झोपला असता. पुढच्या साली साहेबांची पेटीही उघडली असती. एका थपडेचं काम होतं, आबा. तेवढी मी तुम्हाला मारू दिली नाही.

काल क्लबात टेबलावर दोन पिस्तुलं मांडली होती आणि नातीचा डोळा नव्यावर होता. मी तिला तुमची रीत सांगितली. पण तुमच्यासारखा मागे उभा राहिलो नाही, बाजूला राहिलो, जिथून पापण्या दिसतात. डोळ्यांत साबण गेल्यावर मिटावेत तसे तिनं डोळे गच्च मिटले होते, नाकाला आठ्या. जुनं वापरलेलं पिस्तूल तिला बसलं. तोंड वाकडं केलं, पण म्हणाली, ‘बरं, हेच घेते.’ मला तिच्याकडं बघवेना.

रिक्षात तिनं विचारलं, ‘आजोबा, तुमच्या वडिलांची निवड कधीच चुकली नाही?’ आणि मी म्हणालो, ‘एकदा चुकली होती.’ क्षणभरसुद्धा अडखळलो नाही. ‘बिचारे,’ ती म्हणाली आणि बाहेर बघायला लागली.

म्हणून हा कागद. तो कुठल्या पेटीत टाकणार, तुम्हीच सांगा. ठरवलंय असं, की आज ती शाळेतून आली, फाटक वाजलं, की उठायचं आणि तिला सगळं सांगायचं. फाटक मघाशीच वाजलंय, आबा. मी अजून लिहितोच आहे.