मिस्त्री का पळाला

सूनबाई,

मिस्त्री दिसला नाही म्हणून त्याला फोनवर झापू नकोस. तो माझ्यामुळे पळाला.

तू ऑफिसला गेल्यावर तो हॉल आणि माझ्या खोलीमधली भिंत फोडायला आला. मी सहज म्हटलं, "जपून रे. मागच्या गल्लीत अशीच भिंत पाडली, तर वरचा मजला आंघोळ करणाऱ्या माणसासकट खाली आला. अंगावरचा साबणसुद्धा पुसला गेला नव्हता!" मी रंगात आलो की आवरत नाही, हे तुला ठाऊक आहे, त्याला नव्हतं. "काका, आधी इंजिनिअर आणा," म्हणाला आणि अर्धा चहा टाकून सटकला.

भिंत साधीच आहे. ती फक्त माझं कॅलेंडर आणि एक पाल पेलते.

त्याला परत आणायला मीच निघालोय. तीनदा चप्पल घातली, तीनदा काढली. सध्या जो तो भिंती पाडून घर मोकळं करतोय, तुम्हीही करा. माझी ना नाही.

फक्त फ्रीजवर लावलेला तुमचा घराच्या नव्या मांडणीचा नकाशा मी चष्मा पुसून दोनदा पाहिला. सोफा आहे, कुंड्या आहेत, कुत्र्याची गादीसुद्धा आहे, आणि कुत्रा तर अजून आणलेलाही नाही. माझी खाट काही सापडली नाही. घाईत राहिली असेल.

पेन्सिलीला टोक करून ती फ्रीजवरच ठेवली आहे. मी येईपर्यंत नकाशात खाट कुठेतरी काढून ठेव.

— बाबा