बोटीच्या पोटात

९ डिसेंबर

दोनदा ओकले. काल मेकॅनिकने चेन-पुलीने इंजिन उचलून वर्कशॉपला नेलं आणि बोटीत मागे राहिलं ते काळं डबकं — डिझेल, ऑइल, कुजकं पाणी, त्यात फुगलेला उंदीर. उन्हाळी सीझन सुरू व्हायच्या आत हे सगळं साफ व्हायला हवं. त्यात उतरायचं कुणी? मी! नवऱ्याचं पोट इंजिनवरच्या झाकणाच्या चौकटीतच अडकलं. "सुटलो बुवा," म्हणाला आणि हसत शिडी उतरला. सासऱ्यांचा डावा पाय गेल्या वर्षीपासून लुळा, ते काय चढणार. नवरा त्यांना गाडीतून शेडवर आणतो, बोटीला खेटून खुर्चीत बसवतो, आणि ते तिथून हुकूम सोडतात.

तोंडावर अप्पा म्हणते. इथे म्हातारा म्हणणार. वही माझी आहे.

ओकून तोंड पुसत होते तर म्हाताऱ्याने काय म्हणावं — "लग्नाला अठरा वर्षं झाली, आज सूनबाईंना एकदाच्या उलट्या लागल्या. त्याही डिझेलच्या!"

मेकॅनिक पाइप न्यायला आला होता, तो खाली बघत राहिला. नवरा हसला. माझा नवरा.

११ डिसेंबर

दिवसभर डबा भरायचा, वर द्यायचा. साबणाची वडी संपली, वास जात नाही. नवरा म्हणतो, आज हॉलमध्ये झोप.

१६ डिसेंबर

तळ दिसला!

इंजिनची खोली म्हणतात — खोली कसली, आडवं कपाट. एका कुशीवर पडायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, पत्रीने जुना रंग खरवडायचा, मग तारेचा ब्रश, मग काचपेपर. पोपडे डोळ्यांत जातात. धुराचा पाइप काढलाय तिथे वाटीएवढं भोक राहिलंय. त्यातून उजेड येतो आणि म्हाताऱ्याचा आवाज.

"काय दिसतंय?"

"गंज."

"कुठे? कसला? डाग की पापुद्रे? तोंड दिलंय ना देवाने?"

सांगायला लागते. बोल्ट कुठले झिजले, वायरींवरचं रबर कुठे तडकलंय, बॅटरीची फळी कशी कुजून भुसा झालीय. त्याला आतलं काही दिसत नाही, मी सांगेन तेवढंच. पण ऐकू सगळं येतं! एक कोपरा सोडून पुढे सरकले तर लगेच — "पंपाच्या मागे घासलं नाहीस. आवाज आला नाही मला." हलकट. पाय गेला, कान शाबूत.

जेवताना मी वाढत असतानाच नवऱ्याला म्हणतो, "बाई मंद आहे. पण चिवट."

मी या घरात आल्यापासूनचं हे पहिलं कौतुक! तारीख वर लिहिलेली आहेच.

२१ डिसेंबर

थंडी म्हणून म्हातारा घरी. शेडमध्ये मी एकटी.

तुळया साफ झाल्या. इंजिन ज्यांच्यावर बसतं त्या दोन जाड लाकडी तुळया, वरून फायबर चढवलेलं. म्हाताऱ्याला रोज त्यांचाच घोर. त्या सडल्या म्हणजे बोट संपली — बदलायच्या तर बोट चिरावी लागते. "साफ झाल्या की ठोकून बघू, कसा आवाज येतो," हे रोज ऐकवतो. मला कुठला दम निघतोय! हातोडी उलटी धरून मुठीने ठोकलं. टण्ण. पुढे सरकले. टण्ण. शेवटपर्यंत टण्ण! एकटीच हसले.

मग पाठीवर पडून राहिले. कुणी हाक मारत नव्हतं. वाटलं, ही बोट सीझनमध्ये मीच का चालवू नये? हिच्यातला बोल्ट न् बोल्ट मला माहीत झालाय. भाड्याचा ड्रायव्हर आंबट तोंड करून प्रवासी नेतो, त्यापेक्षा बरी नेईन. बोलून दाखवलं तर दोघं बापलेक आठवडाभर हसतील. म्हणून इथे लिहिते.

उद्या म्हाताऱ्याला टण्ण ऐकवते. बघू, चांगला शब्द काढता येतो का.

२२ डिसेंबर

नाही ऐकवलं.

मी आधीच आत उतरून बसले होते, आवाज न करता — म्हटलं म्हातारा आला की एकदम ठोकू, दचकू दे. नवऱ्याने त्याला खुर्चीत बसवलं आणि सिगरेट आणायला गेला. म्हाताऱ्याने फोन लावला. नणंदेला.

भोकातून शब्द न् शब्द आला. "बोट तुझ्याच नावावर करतो. सीझनच्या आत... छे, दादाला नाही, कुणालाच नाही सांगितलं... हिला? हिला कशाला सांगायचं! राबतेय तोवर राबू दे. काम झाल्यावर कळेलच."

नणंद! लाडकी. मोठ्या शहरात मोठं घर, दारात गाडी. दोन दिवस येते आणि माझ्या कपाटांवरून बोट फिरवून धूळ बघते. तिला बोट हवीय. ती उंदरासकट उपसली मी, ओकले मी, आणि बसणार ती!

अर्धा तास हललेच नाही. मग खोकले. म्हातारा म्हणाला, "आलीस का? किती उशीर!"

२३ डिसेंबर

आवाज अडवायला भिंतीला लावलेला जुना स्पंज मी काढला होता, पाण्याने टम्म फुगलेला. तो तुळईवर ठेवला. म्हाताऱ्याला म्हटलं, "अप्पा, ठोकते हं. ऐका."

भद.

बाहेर खुर्ची करकरली. मग, "पुन्हा."

भद. पुढे सरकवला — भद. दुसऱ्या तुळईवर — भद, भद.

"नीट ठोकतेयस ना?"

"तुम्हाला ऐकू येतं ना सगळं?"

बॅटरीच्या कुजक्या फळीचा तुकडा मोडून घेतला, खाली उतरले आणि त्याच्या मुठीत ठेवला. "तुळईतून निघाला. पत्री लावली तर सुटून आला." म्हाताऱ्याने तो चिमटीत धरला. भुसा झाला. मांडीवर पडला. तो झटकलाही नाही त्याने.

मला वाटलं होतं, मला वाईट वाटेल.

२४ डिसेंबर

झोप छान लागली.

२८ डिसेंबर

म्हातारा जेवत नाही. ताटात बोटं फिरवतो. आज स्वतःशीच म्हणाला, "फायबर चढवताना लाकूड ओलं असणार. मीच घाई केली. माझीच चूक."

मी भात वाढत म्हटलं, "असेल."

नवऱ्याला सांगितलं खरं काय ते. सांगावं लागलंच, तो शेडवर येतो. आधी डोळे वटारले — "अगं, बाप आहे तो माझा!" मग बहिणीच्या नावावर बोट जाणार होती हे सांगितलं. कूस बदलली. पाठमोराच म्हणाला, "मग कागद कधी करतोय तो आपल्या नावावर?"

३ जानेवारी

धोका एकच होता. मेकॅनिक. इंजिन बसवायला तोच येणार, तुळया बघणार, म्हाताऱ्याशी बोलणार. दोघांची जुनी दोस्ती.

मी वर्कशॉपला गेले. डोळ्याला पदर लावला — जमतं मला! "अप्पांचं डोकं फिरायला लागलंय हो. तुळया सडल्या, तुळया सडल्या, हेच दिवसभर. नाही म्हटलं की अंगावर येतात. तुम्ही वाद घालू नका. हो म्हणा."

बिचारा हळहळला. संध्याकाळी लगेच घरी आला. म्हाताऱ्याच्या समोर उकिडवा बसला आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून — "काय आजोबा! जेवलात का? औषध घेतलं का?"

म्हातारा बघतच राहिला. "मला आजोबा काय म्हणतोस रे? तुळया पाहिल्यास का तू?"

"हो हो, सडल्या! अगदी सडल्या! तुम्ही आराम करा हं." आणि गुडघ्यावर थोपटलं. लहान मुलाला थोपटतात तसं.

मी आत जाऊन तोंडावर टॉवेल धरला. हसू आवरेना.

६ जानेवारी

म्हाताऱ्याचं डोकं फिरल्याचं धक्क्यावर सगळीकडे पसरलंय. नवरा त्याला पाणी दाखवायला घेऊन गेला तर तिकीटवाला, डिझेलवाला, सगळे मोठ्याने बोलतात म्हाताऱ्याशी. एकाने गोळी दिली, चघळायची. म्हाताऱ्याने ती घरापर्यंत मुठीत धरून आणली. मला विचारलं, "लोक असे का बोलतात गं माझ्याशी?"

गं! मला!

म्हटलं, "कसे?"

८ जानेवारी

सही झाली. नवऱ्याने कागद करणारा माणूस घरीच आणला होता. बोट माझ्या नावावर. नवऱ्याच्या नाही, माझ्या. म्हाताऱ्यानेच सांगितलं तसं. नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

"भंगारात घाल," म्हणाला. "इंजिन चांगलं आहे, विक. येईल ते तूच ठेव. तू राबलीस. मी तुला नाही नाही ते बोललो."

मी चष्मा शोधायच्या निमित्ताने खाली बघितलं. हे आता कशाला! आधी बोलला असता तर? आधी एकदा तरी?

चहा करून दिला. साखर जास्त घातली. बस, एवढंच.

१९ जानेवारी

म्हातारा शेडवर येत नाही. भोकातून नुसता उजेड.

रंग दिला. पांढरा. आत पांढराच द्यायचा, गळती झाली तर ऑइलचा थेंबसुद्धा दिसतो — हे म्हाताऱ्यानेच सांगितलेलं, शिव्या देत देत. दुसरा हात देऊन बाहेर आले, झाकणातून खाली पाहिलं. लख्ख! माझ्या स्वयंपाकघराचाही कधी एवढा अभिमान वाटला नाही.

कुणाला दाखवावं? ज्याला कळलं असतं तो घरी भिंतीकडे तोंड करून पडलाय.

४ फेब्रुवारी

इंजिन बसलं. पुलीवर लोंबकळत होतं ते मेकॅनिकने अलगद उतरवलं. मग ते बोटीखालच्या पंख्याच्या दांड्याशी एका रेषेत आणायचं — कागद सरकेल न सरकेल एवढीच फट राहिली पाहिजे. मेकॅनिक बाहेरून बोल्ट पिळायचा, मी आतून फट बघायची. दिवस गेला त्यात.

जाताना तुळईवर थाप मारून म्हणतो, "लोखंड आहे लोखंड! आणि आजोबा बिचारे..."

"वय," मी म्हटलं.

नवरा म्हणतो, आता विकून टाकू. म्हटलं, बोट कुणाच्या नावावर आहे? चहा अर्धा ठेवून उठला.

११ फेब्रुवारी

चालू झालं! चालू झालं! चालू झालं!

पाण्याचा पाइप ड्रमात सोडला. डिझेलमधली हवा मी काढली, पान्याने नट सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत. किल्ली फिरवली — घर्र, आणि बंद. पुन्हा हवा काढली. पुन्हा किल्ली. काळा धूर, मग पांढरा, मग काहीच नाही, नुसता आवाज! झाकण उघडून उभी राहिले. पांढऱ्या रंगावर एक थेंब नाही. मेकॅनिकने टाळी दिली मला. बरोबरीच्या माणसाला देतात तशी.

सोमवारी पाण्यात उतरवायची. त्या दिवशी म्हाताऱ्याला धक्क्यावर नेऊन बसवायचं असं ठरवलंय. मी सुकाणू धरून त्याच्या पुढ्यातून जाणार. हळू. त्याचा चेहरा नीट दिसेल इतकी हळू. "भद म्हणजे काय ते आता कळलं का, अप्पा?" — हे वाक्य मी रोज म्हणून बघते.

१३ फेब्रुवारी

दुपारी नणंद आली. घरातल्या चपला, एक पिशवी, डोळा काळानिळा. गाडी नाही, कुणी सोबत नाही. दारातच खाली बसली.

म्हातारा भिंत धरत धरत तिच्यापर्यंत गेला. नवऱ्याला आणि मला पहिल्यांदाच हळू आवाजात सगळं सांगितलं — जावई दोन वर्षं मारतोय तिला. घरात बोललो असतो तर दादाने मेहुण्यालाच फोन केला असता, म्हणून गप्प होतो. बोट तयार झाली की ती तिच्या नावावर, धक्क्याजवळ एक खोली, कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. असं ठरलं होतं आमचं. "पण आतून सडली गं पोरी. वहिनीने फार केलं. माझ्या पोरीसाठी करतेय हे तिला माहीतही नव्हतं, तरी केलं."

नवरा माझ्याकडे बघत होता. मी पाण्याचा तांब्या नणंदेपुढे ठेवला. तिने माझं मनगट धरलं.

"वहिनी, काहीच नाही का उरलं? थोडंसुद्धा?"

म्हटलं, "नाही."